नवीन ॲकॉस्टिक गिटार : नाशिकच्या हवेत तिचे सेटअप कसे आणि केव्हा करावे?

कोमल_गंधार
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. भाद्रपदाच्या अखेरीस मी कॉलेज रोडवरील एका दुकानातून माझी पहिली ॲकॉस्टिक गिटार घेतली. टॉप (पुढची फळी) सलग स्प्रूस लाकडाचा आहे, मागची बाजू आणि कडा प्लायच्या आहेत, नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिज या टॉपवरच्या लाकडी ठोकळ्यात बसवलेली, तारा टेकण्याची हाडाची पट्टी) तारेची लांबी ६५० मिलिमीटर आहे आणि तारा .०१२ च्या (सर्वांत बारीक तारेची इंचातील जाडी) संचातील आहेत. लहानपणापासून मी गाणे शिकले असल्यामुळे स्वराची ओळख आहे. तारवाद्य मात्र पहिल्यांदाच हाती घेतले आहे.

वाद्याचा आवाज मला मनापासून आवडतो. अडचण अशी आहे की तारा फार उंच वाटतात. स्टीलच्या पट्टीने मोजल्यावर बाराव्या फ्रेटवर (नेक म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट्स) जाड तारेखालचे अंतर ३.६ मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखालचे २.९ मिलिमीटर भरले. एफ कॉर्ड (अनेक तारा एकदम दाबून वाजवायचा स्वरसमूह) धरताना बोटे अक्षरशः थरथरतात. शिवाय, ट्यूनरवर सहाही मोकळ्या तारा अचूक जुळवल्या तरी पहिल्या दोन फ्रेट्सवरचे स्वर मला चढे ऐकू येतात. दुकानदारांचे म्हणणे असे, की नवीन गिटार सुरुवातीला कडकच लागते आणि बोटे तयार झाली की त्रास आपोआप थांबतो.

हे खरे आहे का? की वाद्यातच काही करून घ्यायला हवे? करायचे असल्यास कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. मी गंगापूर रोडला राहते.

सातपूरचा_फिटर
शनिवार, रात्री १०.२५

ताई, बोटे तयार होतात हे खरे आहे, परंतु ३.६ मिलिमीटर ही उंची बोटांनी सहन करण्याची नाही, वाद्यात दुरुस्त करण्याची आहे. स्टीलच्या तारांच्या गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली साधारण २.४ आणि बारीक तारेखाली १.६ ते १.८ मिलिमीटर अंतर असले, तर वाद्य हाताला सोपे जाते आणि जोराने वाजवले तरी तार खरखरत नाही.

कामाला हात लावण्यापूर्वी आणखी तीन मापे घ्या. फीलर गेजचा (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा) संच हार्डवेअरच्या किंवा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो. पहिले माप नेकच्या बाकाचे. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) लावा आणि जिथे नेक बॉडीला मिळते त्या चौदाव्या फ्रेटवर जाड तार बोटाने दाबून धरा. आता ती तारच सरळ पट्टीचे काम करते. सहाव्या-सातव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या खाली किती फट आहे ते गेजच्या पात्याने पाहा. दुसरे माप नटचे. कॅपो काढून प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट किती उरते ते बघा. ती जेमतेम दिसेल इतकीच असावी. तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे. एक लांब, खात्रीची सरळ पट्टी फ्रेट्सवर आडवी न ठेवता नेकच्या लांबीत ठेवा आणि तिचे टोक ब्रिजकडे न्या. टोक ब्रिजच्या लाकडी माथ्याला टेकले किंवा किंचित वरून गेले तर नेकचा कोन ठीक आहे. ते ब्रिजच्या पुढच्या कडेवर बरेच खाली आदळले तर दोष कोनात आहे, आणि मग घरी काहीही न करता वाद्य वॉरंटीत बदलून घ्यावे.

प्रत्येक वेळी तारा पूर्ण स्वरात जुळवूनच माप घ्या. सैल तारांवर घेतलेल्या मापाला अर्थ नसतो.

शिसव
रविवार, सकाळी ८.१५

फिटरदादांनी मोजमापाची पद्धत नेमकी सांगितली आहे. मी त्यात एक गोष्ट जोडतो, आणि माझ्या मते नाशिकमध्ये राहणाऱ्याने ती सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवी. ताईंनी गिटार भाद्रपदात घेतली आहे. म्हणजे आज त्या जे ३.६ मिलिमीटर मोजत आहेत, त्यातील काही भाग कारखान्याचा आहे आणि काही भाग पावसाळ्याचा.

गिटारचा टॉप जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचा असतो. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही. ते रेषांना आडवे फुगते आणि आडवेच आकसते. टॉपच्या आतील बाजूस आडव्या-तिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या असल्यामुळे फुगलेल्या लाकडाला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून ते वर उचलले जाते. ब्रिज त्याच टॉपवर बसवलेला असतो, त्यामुळे तोही वर येतो आणि त्याबरोबर तारा नेकपासून दूर जातात. पावसाळ्यात चौकटीत अडकणारा दरवाजा आपल्या सर्वांच्या घरी असतो. कारण तेच आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी पडू लागली की हीच क्रिया उलटी होते. टॉप खाली बसतो, तारा उतरतात, आणि मार्च ते मे या काळात आर्द्रता फार खाली गेली तर नेकवरचा फिंगरबोर्ड आकसून फ्रेट्सची टोके हाताला टोचू लागतात. त्याहीपुढे दुर्लक्ष झाले तर सलग लाकडाच्या टॉपला चीर जाते. गिटार बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखण्यास सांगतात, आणि आपल्या गावात ही स्थिती आपोआप फार थोडे आठवडे असते.

आता समजा, आज पावसाळी हवेत माप घेऊन सॅडल घासले आणि अंतर बरोबर २.४ वर आणले. फाल्गुनात तीच गिटार २ मिलिमीटरच्या खाली येईल आणि प्रत्येक तार फ्रेट्सवर खरखरेल. घासलेले हाड परत वाढवता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की आज फक्त ती कामे करावीत जी उलट फिरवता येतात, आणि जे काम उलट फिरत नाही ते हवा मध्यावर आल्यानंतर करावे.

उलट फिरवता येणारे काम म्हणजे ट्रस रॉड. नेकच्या आत बसवलेली ही पोलादी सळई तारांच्या ओढीने नेकला येणारा बाक आवरते. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना फिरवून जुळवता येणाऱ्या ट्रस रॉडचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले, आणि आज स्टीलच्या तारांच्या बहुतेक सर्व गिटारींमध्ये ती असते. .०१२ च्या संचात सहा तारा मिळून सुमारे ७० ते ७५ किलोची ओढ सतत देत असतात, हे ध्यानात घेतले की तिची गरज पटते. सळईचे तोंड एक तर साउंडहोलमधून (टॉपवरच्या गोल भोकातून) आत डोकावले असता दिसते, नाहीतर हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असलेल्या टोकावरच्या) छोट्या झाकणाखाली असते. तोंडाकडे पाहून चावी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सळई आवळते आणि नेक सरळ होते. उलट फिरवली की बाक वाढतो. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीही फिरवू नका. आवळण्यापूर्वी तारा थोड्या सैल करा, फिरवल्यावर पुन्हा स्वरात आणा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा, कारण लाकूड लगेच स्थिरावत नाही. चावी जड लागली तर तिथेच थांबा आणि कारागिराकडे जा. फिटरदादांनी सांगितलेली फट ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असली की पुरे.

एक गैरसमज येथेच दूर व्हावा. ट्रस रॉड ही तारांची उंची कमी करण्याची कळ नाही. बाक कमी केल्यावर बाराव्या फ्रेटवरची उंची थोडी उतरते हे खरे, पण तेवढ्यासाठी सळई आवळत गेलात तर नेक उलट दिशेला वाकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर तारा खरखरू लागतात. बाकासाठी ट्रस रॉड, पहिल्या फ्रेट्सवरच्या सोपेपणासाठी नट आणि बाकी सर्व उंचीसाठी सॅडल, अशी कामांची वाटणी आहे आणि तोच क्रमही आहे.

ताईंनी विचारलेल्या चढ्या स्वरांचे उत्तर नटमध्ये आहे. नटच्या खाचा उथळ राहिल्या तर तार पहिल्या फ्रेटपासून फार उंच राहते. ती खाली दाबताना ताणली जाते, आणि ताण वाढला की स्वर चढतो. नटच्या अगदी जवळ, म्हणजे पहिल्या फ्रेटवर, हा परिणाम सर्वाधिक असतो. एफ कॉर्ड कठीण जाण्याचे कारणही बहुधा तेच आहे. सॅडल कितीही घासले तरी ही अडचण जाणार नाही. नटची खाच मात्र घरी कोरू नका. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, खाचेचा उतार हेडस्टॉककडे ठेवावा लागतो, आणि एखादी खाच थोडी जास्त खोल गेली तर मोकळी तार झणझणते व नवीन नट बसवण्यावाचून इलाज उरत नाही. हे काम अनुभवी हाताकडूनच करून घ्यावे. त्याला हवेची वाट पाहण्याची तितकी गरजही नाही, कारण नटवर टॉपच्या फुगण्याचा परिणाम जवळजवळ होत नाही.

आणि हो, सर्वांत आधी एक डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) घ्या. तो काहीशे रुपयांत मिळतो. गिटार ज्या खोलीत राहते त्या खोलीतच तो ठेवा.

सातपूरचा_फिटर
रविवार, सकाळी ११.०५

शिसव सर, हवेचा मुद्दा मला पटला, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. नवशिक्याला दोन-अडीच महिने ३.६ मिलिमीटरवर वाजवायला लावले तर तो वाजवणेच सोडून देईल. सुरुवातीचे आठवडेच सर्वांत नाजूक असतात. मी तर म्हणेन, की आजच थोडे घासावे.

शिसव
रविवार, दुपारी १२.३०

तुमची काळजी रास्त आहे. म्हणूनच मी दुसरा मार्ग सुचवतो, जो मी स्वतः अनेक वर्षे वापरत आहे. मूळ सॅडलला आत्ता हात लावायचाच नाही. ते काढून जपून ठेवायचे, आणि त्याच जाडीचे, त्याच लांबीचे दुसरे सॅडल आणून ते आजच्या हवेला बेतून घासायचे. असे केले की एक सॅडल पावसाळ्याचे आणि एक कोरड्या ऋतूचे होते. तारा बदलताना सॅडल बदलायला काही मिनिटे पुरतात. हाडाचे सॅडल नको असणाऱ्यांसाठी टस्कसारखी कृत्रिम द्रव्याची सॅडल्सही मिळतात आणि त्यांचा आवाज चांगला असतो.

घासण्याची रीत अशी. सॅडलचा वरचा माथा घडवलेला असतो. त्याचा बाक फिंगरबोर्डच्या बाकाशी जुळलेला असतो आणि काही ठिकाणी तारेचा टेकू मुद्दाम पुढेमागे केलेला असतो, त्यामुळे वर काहीही करू नका. घासायची ती तळाची बाजू. बाराव्या फ्रेटवर जितके उतरवायचे त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावे लागते, कारण बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असते. म्हणजे अर्धा मिलिमीटर उतरवायचा असेल तर तळातून एक मिलिमीटर काढावा लागतो. टोकदार पेन्सिलीने रेघ आखा, काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि सॅडल अगदी उभे धरून सावकाश घासा. तळ किंचितही तिरका राहिला तर आवाज मरतो, आणि खाली पिकअपची (तारांचा नाद ॲम्प्लिफायरकडे पाठवणारी) पट्टी असेल तर एखादी तार ॲम्प्लिफायरमधून दबकी ऐकू येते. रेघेच्या थोडे आधीच थांबा, बसवून पाहा, मोजा, मग पुढे जा. शेवटी ब्रिजच्या वर किमान तीन मिलिमीटर सॅडल दिसत राहायला हवे. त्याहून कमी उरले तर तारेचा सॅडलवरचा दाब कमी होतो आणि आवाजातील जोर जातो.

जोडीला तारा .०११ किंवा .०१० च्या संचातील लावा. .०१० च्या संचात एकूण ओढ साठ किलोच्या आसपास येते, आणि हा फरक पहिल्या कॉर्डलाच जाणवतो. आवाज किंचित हलका होतो. सुरुवातीला ते अगदी मान्य करण्यासारखे आहे. ओढ बदलली की नेकचा बाकही बदलतो, म्हणून तारा आधी बदला आणि मापे नंतर घ्या.

सातपूरचा_फिटर
रविवार, दुपारी १.१०

दोन सॅडल्सची कल्पना उत्तम आहे. माझा आक्षेप मी मागे घेतो.

घाटमाथ्यावरून
रविवार, रात्री ८.५०

मी इगतपुरीला राहतो. नाशिक जिल्हा म्हटले की एकच हवा डोळ्यांसमोर येते, पण वस्तुस्थिती तशी नाही. आमच्याकडे आणि त्र्यंबकेश्वरच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते, तर सिन्नर, येवला, नांदगाव या पूर्वेकडील भागात पाऊस थोडाच पडतो. निफाडच्या द्राक्षपट्ट्यात हिवाळ्यात कडक थंडी पडते. तेव्हा नाशिक शहरात कोणाला लागू पडलेला सल्ला आपल्या गावी तसाच्या तसा लागू पडेल असे समजू नये. आपला हायग्रोमीटर पाहावा.

पावसाळ्यात मी गिटार भिंतीवर टांगत नाही, कारण बाहेरची भिंत आतून थंड आणि दमट असते. ती हार्ड केसमध्ये ठेवतो आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. रंग बदलणारे जेल घेतले तर ते ओले झाल्याचे कळते आणि मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. उन्हाळ्यात याच्या अगदी उलट करायचे असते. सिलिका जेल काढून टाकायचे आणि साउंडहोलमध्ये बसणारा ओलावा देणारा स्पंज किंवा दोन्ही बाजूंनी आर्द्रता राखणाऱ्या तयार पुड्या ठेवायच्या. स्पंज पिळून घ्यायचा. त्यातून पाण्याचा एक थेंबही आत पडता कामा नये. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत गिटार थोडा वेळसुद्धा ठेवू नये, कारण त्या उष्णतेत ब्रिजखालचा सरस मऊ होतो आणि तारांच्या ओढीने ब्रिज उचलला जातो.

मींड
सोमवार, सकाळी ७.३०

मी तानपुरा आणि सतार वाजवतो, गिटार नाही. तरीही या चर्चेत मला फार ओळखीचे ऐकू येत आहे. मिरजेच्या कारागिराकडून जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढून आणलेला तानपुरा पावसाळ्यात बोलेनासा होतो, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक असते. फरक एवढाच आहे, की तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी हलका बाक असलेला असतो, जेणेकरून तार त्यावर घासत राहावी आणि जवारी उमटावी; गिटारच्या सॅडलचा माथा अरुंद असतो, जेणेकरून तार एकाच बिंदूपासून सुटावी आणि स्वर स्वच्छ यावा. कोमल_गंधार यांच्या कानाला जवारीची सवय असणार. त्यांनी गिटारच्या तारेतील झणझण ऐकून ती गोड मानू नये. या वाद्यात ती सेटअप चुकल्याची खूण असते.

शिसव
सोमवार, रात्री ९.००

मींड यांनी फार मोलाचे सांगितले. त्याच धाग्याने, झणझण कुठून येते हे ओळखण्याची रीत लिहून ठेवतो. फक्त मोकळी तार झणझणत असेल आणि पहिल्या फ्रेटवर दाबताच थांबत असेल, तर नटची खाच खोल आहे. पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर झणझण आणि वर स्वच्छ, असे असेल तर नेकला बाक कमी आहे. बॉडीजवळच्या फ्रेट्सवर झणझण असेल तर सॅडल बुटके झाले आहे किंवा त्या भागातील बोर्ड उचलला आहे. एकाच जागी, एकाच फ्रेटवर त्रास असेल तर त्याच्या पुढची फ्रेट उचललेली आहे. आणि तारेशी काहीच संबंध नसलेली झणझण आली, तर हेडस्टॉकवरच्या खुंट्या आवळणारे पेचाचे नट आणि पिकअपची आतील वायर तपासा. एखादा सैल स्क्रू सुद्धा ठरावीक स्वराला थरथरतो.

कोमल_गंधार
पुढचा गुरुवार, रात्री १०.१५

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हायग्रोमीटर आणला, माझ्या खोलीत तो ७३ टक्के दाखवतो. सरळ पट्टीचे टोक ब्रिजच्या माथ्यावरून जाते, म्हणजे कोन ठीक आहे. .०११ च्या तारा लावल्यानंतर नेकच्या बाकाची फट ०.४ मिलिमीटर भरली होती. ट्रस रॉड पाव फेरा आवळून, एक दिवस थांबून मोजल्यावर ती ०.२५ वर आली. नट एका अनुभवी कारागिराकडून करून घेतला आणि एफ कॉर्डमध्ये जो फरक पडला त्यावर माझा विश्वास बसत नाही. पहिल्या फ्रेटवरचे स्वर आता चढत नाहीत. दुसरे सॅडल मिळाले असून ते या रविवारी घासणार आहे.

आता एक स्वराचा प्रश्न. ट्यूनर ४४० वर आहे, सहाही तारा बरोबर दाखवतात, तरीही ई मेजर कॉर्डमधील गंधार मला सतत किंचित चढा लागतो. तिसरी तार थोडी उतरवली की ई कॉर्ड अतिशय सुंदर लागते, परंतु मग सी आणि जी कॉर्ड बिघडतात. हा नटचाच उरलेला दोष आहे का?

मींड
पुढचा शुक्रवार, सकाळी ६.५०

नाही, हा दोष नाही. आपला कान तयार असल्याची ही खूण आहे. गिटारवरील फ्रेट्स सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेल्या असतात. प्रत्येक फ्रेटला कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पट होते; बारा वेळा तेच केले की बरोबर दुप्पट, म्हणजे तार षड्ज. या वाटणीत पंचम जवळजवळ शुद्ध मिळतो, दोन सेंटचाच (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) फरक पडतो. गंधार मात्र तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणाऱ्या ५:४ या प्रमाणातील गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. संवादिनीत हीच अडचण आहे आणि आपण तिच्याबरोबर गात आलो आहोत. ई कॉर्डमधील गंधार तिसऱ्या तारेवरच्या पहिल्या फ्रेटवर असतो. ती तार उतरवून तो शुद्ध केला, की त्याच तारेवरचा मोकळा जी उतरतो, आणि तो स्वर सी कॉर्डचा पंचम आणि जी कॉर्डचा षड्ज आहे.

शिसव
पुढचा शुक्रवार, रात्री ८.४०

मींड यांच्या उत्तरावर माझ्याकडे भर घालण्यासारखे फारसे नाही. ज्या दिवशी एकाच कॉर्डभोवती फिरणारे काही वाजवायचे असेल त्या दिवशी तार कानाने उतरवून घ्या. मला त्यात गैर वाटत नाही. एरवी ट्यूनरवर विसंबा. जुळवताना नेहमी तार आधी खाली उतरवून मग स्वरापर्यंत चढवत आणा, कारण वरून खाली आणलेल्या तारेचा खुंटीच्या दातांत ढिलेपणा राहतो आणि ती थोड्याच वेळात उतरते. नवीन तारा लावल्यावर बोटांनी हलकेच ओढून ताणून घेतल्या म्हणजे त्या लवकर बसतात. तारेच्या टोकाची मणी ब्रिजच्या खालच्या पट्टीला घट्ट टेकली आहे ना, हेही पिन बसवताना तार वर ओढून पाहा.

दोन प्रकारच्या तारा दुकानात दिसतील. ८०/२० ब्रॉन्झ म्हणजे ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त. तिचा आवाज सुरुवातीला फार चमकदार असतो. फॉस्फर ब्रॉन्झमध्ये तांब्याबरोबर कथील आणि अगदी थोडा फॉस्फरस असतो. तिचा आवाज अधिक उबदार आणि टिकाऊ. गाणाऱ्या माणसाने साथीसाठी दुसरी घ्यावी, असे माझे मत आहे, कारण ती गळ्याच्या आड येत नाही. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. पावसाळ्यात घाम वाळत नाही आणि तारा लवकर काळ्या पडतात.

कोमल_गंधार
दिवाळीनंतरचा रविवार, संध्याकाळी ६.२०

पावसाळ्याचे सॅडल लावल्यानंतर जाड तारेखाली २.५ आणि बारीक तारेखाली १.८ मिलिमीटर अंतर आले होते. आज हायग्रोमीटर ५२ दाखवत आहे आणि तीच मापे २.२ व १.६ झाली आहेत. अजून झणझण नाही, पण आपण सांगितलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिली. कोरड्या हवेसाठी मूळ सॅडलवर काम आता करावे का?

दुसरे असे, की माझी गाण्याची पट्टी काळी चार आहे आणि मला कॉर्ड्स फक्त सी, जी, डी, ए, ई, एफ आणि त्यांच्या मायनर एवढ्याच येतात. साथ कशी करावी?

शिसव
दिवाळीनंतरचा रविवार, रात्री ८.००

होय, आता करावे. ५० टक्क्यांच्या आसपासची ही हवा मूळ सॅडल बेतण्यासाठी सर्वांत योग्य आहे. मूळ सॅडल लावून जाड तारेखाली २.६ राहील इतकेच घासा. फाल्गुन-चैत्रात ते स्वतःहून २.३-२.४ वर येईल. डब्यावर कोणते सॅडल कोणत्या ऋतूचे आहे ते लिहून ठेवा.

मींड
दिवाळीनंतरचा रविवार, रात्री ९.१५

पट्टीसाठी कॅपो आहेच. काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जी च्या ठेवणीतील कॉर्ड्स वाजवा. षड्ज आपोआप काळी चार होतो. चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून ई च्या ठेवणीत वाजवले तरी षड्ज तोच राहतो, पण नाद अधिक उजळ येतो. कोणी काळी एकमध्ये गात असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी ची ठेवण. काळी पाच असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि ए ची ठेवण. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, सरळ लावावा, नाहीतर तारा ओढल्या जाऊन स्वर चढतात.

आणखी एक सुचवतो. सहावी, दुसरी आणि पहिली या तीन तारा प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवा. जाड तारेपासून डी, ए, डी, जी, ए, डी अशी जुळणी तयार होते. डी षड्ज मानला तर ती सा, प, सा, म, प, सा अशी आहे. पाश्चात्त्य लोकसंगीतात ही जुळणी १९६० च्या दशकापासून रुजली, पण आपल्या कानाला ती पहिल्याच छेडीत घरची वाटते. यात मोकळ्या तारांमध्ये गंधारच नाही, त्यामुळे तुम्ही गळ्याने लावाल तो गंधार शुद्ध लागतो. तिसरी तार नको असल्यास सोडून द्या आणि फक्त षड्ज-पंचमावर आलाप करा. काळी चारसाठी कॅपो सहाव्या फ्रेटवर जाईल.

कोमल_गंधार
दिवाळीनंतरचा सोमवार, रात्री १०.०५

मींड सर, आज कॅपो सहाव्या फ्रेटवर लावून यमनचा आलाप केला. मध्यमाची तार सोडून दिली. तीव्र मध्यम लावताना खाली मोकळा षड्ज-पंचम वाजत राहतो, तेव्हा या वाद्याबद्दलची माझी सगळी धास्ती गेली. आता एकच विचारायचे आहे. ही जुळणी कायम ठेवली तर नेकला काही अपाय होतो का?

शिसव
दिवाळीनंतरचा मंगळवार, सकाळी ७.४५

अपाय होत नाही. ओढ थोडी कमी होते, म्हणून नेकचा बाक किंचित घटतो आणि सहावी तार सैल झाल्यामुळे तिचा आंदोलनाचा पल्ला वाढतो. या दोन्हींमुळे सहावी तार पहिल्या काही फ्रेट्सवर खरखरण्याची शक्यता असते. तसे झाले तर ट्रस रॉड जवळपास अष्टमांश फेरा सैल करा, किंवा त्याहून चांगले म्हणजे सहावी तार एक माप जाड लावा, म्हणजे सळईला हात लावावा लागणार नाही. रोज नेहमीच्या आणि या जुळणीत येत-जात असाल तर मात्र काहीच बदलू नका. फक्त जुळवल्यावर चार-पाच मिनिटे वाजवा आणि पुन्हा एकदा जुळवा, कारण तीन तारा उतरवल्या की उरलेल्या तीन किंचित चढतात.